सहाय्यक ते संकलक: कट मारायला मिळण्याआधीची कामं

दोन तासांच्या चित्रपटासाठी शंभर तासांचं चित्रण झालं, तर आज कुणाला नवल वाटत नाही. २०१५ च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’च्या वेळी संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचं फुटेज होतं. एवढ्या ढिगातून हवा तो टेक (एका शॉटचं एकेक चित्रण) हवा तेव्हा काढून देणारं माणूस लागतं, आणि संकलनाच्या खोलीत नवख्याला जागा मिळते ती याच कामासाठी. कट कुठे मारायचा हे पहिल्या वर्षी तुम्हाला कुणी विचारणार नाही. ‘ती दाराकडे बघून थांबते तो टेक कुठला?’ हे मात्र दिवसातून चाळीस वेळा विचारतील. उत्तर पंधरा सेकंदांत पडद्यावर आलं, तर पुढच्या चित्रपटालाही तुम्हालाच बोलावतात.

मोठ्या चित्रपटात चढण साधारण अशी असते: आधी शिकाऊ, मग दुसरा सहाय्यक, मग पहिला सहाय्यक आणि शेवटी संकलक. दुसरा सहाय्यक रोजचं फुटेज उतरवतो, आवाज जुळवतो, नोंदी ठेवतो. पहिला सहाय्यक खोली चालवतो. वेळापत्रक, ध्वनी आणि व्हीएफएक्सवाल्यांशी (संगणकावर दृश्यपरिणाम करणाऱ्यांशी) देवाणघेवाण, दिग्दर्शकासाठी कॉपी काढणं ही त्याची कामं. माहितीपट, जाहिराती आणि लघुपटांत ही उतरंड नसते. तिथे लवकर कट मारायला मिळतो, पण चुका दाखवायला वर कुणी नसतं. जमल्यास दोन्हीकडे पाय ठेवावा, असं आमचं मत आहे.

खोलीत शिरण्याआधी

ॲव्हिड मीडिया कंपोझर, प्रीमिअर प्रो, डाविंची रिझॉल्व्ह आणि फायनल कट प्रो यांपैकी एक सॉफ्टवेअर पूर्ण शिका. चारही थोडं थोडं येण्याचा उपयोग नाही. बऱ्याच मोठ्या चित्रपटांच्या खोल्यांत ॲव्हिड असतं, कारण एकाच प्रोजेक्टवर पाच-सहा जण एकमेकांचं काम न पुसता बसू शकतात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते.

सॉफ्टवेअर येतं का, हे स्वतःच तपासता येतं. माउसला हात न लावता दोन मिनिटांचा सीन ट्रिम करता, म्हणजे कटच्या जागा पुढेमागे करता यायला हव्यात, तेही पुढच्या आवाजाचं सिंक, म्हणजे चित्राशी असलेली जुळणी, न हलवता. लाल झालेली, हरवलेली क्लिप मूळ फाइलशी पुन्हा जोडता यायला हवी. दोन कॅमेऱ्यांचे टेक एका ग्रुपमध्ये बांधता यायला हवेत, आणि ईडीएल (कटांची यादी) व एएएफ (कट आणि आवाज दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारी फाइल) काढून ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवता यायला हवेत. इफेक्ट आणि ट्रान्झिशन येतात की नाही, हे सहाय्यकाला फारसं कुणी विचारत नाही.

सरावासाठी दोन माणसांच्या संवादाचा एक सीन पुरतो. एक दोघांचा शॉट, दोन क्लोजअप, प्रत्येकी तीन टेक. फोनवर चित्रित करणार असाल तर सावध राहा. बरेच फोन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हे स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे पाच मिनिटांच्या टेकमध्ये शेवटाकडे ओठ आणि आवाज सुटे होतात. अशी फाइल आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, मगच प्रोजेक्टमध्ये आणा.

आता त्याच फुटेजमधून सीन तीनदा कापा. पहिल्यांदा तो त्याचा सीन वाटला पाहिजे, दुसऱ्यांदा तिचा. तिसऱ्यांदा बोलणारा शक्य तितका कमी आणि ऐकणारा जास्त दाखवा. बहुतेकांना तिसरा प्रकार सर्वांत अवघड जातो आणि सर्वांत जास्त शिकवतो.

दुसरा सराव कागद-पेन्सिलीचा आहे. आवडत्या चित्रपटातला तीन मिनिटांचा संवादसीन घ्या आणि प्रत्येक कटसमोर दोनच गोष्टी लिहा: त्या क्षणी कोण बोलत होतं, आणि कट वाक्याच्या आधी पडला, मध्ये पडला की नंतर. वाक्य संपलं की कट हा नवख्याचा नियम किती क्वचित पाळला जातो, ते पहिल्या पानावरच दिसेल. पुढच्या शॉटचा आवाज आधी येतो तो जे-कट, आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळतो तो एल-कट. कधी सहा-आठ फ्रेमचा फरकही सीन मऊ करायला पुरतो.

पाठ असावेत असे आकडे

सेकंदाला २४ फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, २५ असतील तर ४० ची. सिंक दोन फ्रेम हलला की संवादात काहीतरी खटकतं, मग प्रेक्षकाला कारण सांगता येवो न येवो.

२३.९७६ आणि २४ हे दोन वेगळे फ्रेमरेट आहेत. फरक ०.१ टक्के, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. कॅमेरा २३.९७६ वर आणि प्रोजेक्ट २४ वर असेल तर छोट्या टेकमध्ये काही कळत नाही. दहा मिनिटांच्या मुलाखतीत मात्र अर्ध्या सेकंदाहून जास्त घोटाळा होतो. म्हणून पहिल्या दिवसाचं चित्रण सुरू होण्याआधीच कॅमेरा आणि ध्वनीमुद्रण विभागाकडून फ्रेमरेट लेखी मागवा. ॲव्हिडमध्ये एकदा प्रोजेक्ट बनला की त्याचा फ्रेमरेट बदलता येत नाही, नवाच प्रोजेक्ट करावा लागतो.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक. २९.९७ फ्रेमरेटच्या ड्रॉप-फ्रेम टाइमकोडबद्दल एक गैरसमज हटकून भेटतो. त्यात चित्राची एकही फ्रेम गळत नाही, गळतात ते क्रमांक. दर मिनिटाला ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळले जातात आणि दर दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. घड्याळाचा तास आणि टाइमकोडचा तास जुळावा, एवढाच त्याचा हेतू. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फाइल ४४.१ ची निघाली तर ती संगीताच्या किंवा फोनच्या वाटेने आली असण्याची शक्यता जास्त, विचारून घ्या.

कार्ड हातात आल्यावर

इथली चूक कधीकधी दुरुस्तच होत नाही, म्हणून हा भाग घाई न करता वाचा.

कार्डं मोजा आणि कॅमेरा रिपोर्टशी ताडून पाहा. रिपोर्टवर सात आणि हातात सहा असतील, तर दुसरं काहीही करण्याआधी फोन करा. मग प्रत्येक कार्ड चेकसम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. माउसने ओढून टाकायचं नाही. डिस्क मध्येच भरली किंवा केबल हलली तर फाइल अर्धवट उतरते आणि तरी उघडते. पहिली दोन मिनिटं छान चालतात, तिसऱ्यात काळं. चेकसम मूळ आणि कॉपी यांचा हिशेब मांडतो, म्हणून तिथे हे लगेच पकडलं जातं. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन कॉपी ठेवणं म्हणजे एकच कॉपी.

कार्डावरची फोल्डरची रचना जशीच्या तशी उचला. नुसत्या व्हिडिओ फायली वेचून घेतल्या तर सोबतची माहिती मागे राहते. काही कॅमेरे लांब टेक तुकड्यांत लिहितात, आणि ते तुकडे जोडायला हीच माहिती लागते.

प्रत्येक कार्डाला स्वतंत्र नाव असलेलं फोल्डर द्या: पहिल्या कॅमेऱ्याची ए००१, ए००२, दुसऱ्याची बी००१. काही कॅमेरे नव्या कार्डावर पुन्हा सी०००१ पासून मोजतात, त्यामुळे एकाच नावाच्या चार फायली तयार होतात. कार्डाच्या नावाचं फोल्डर नसेल तर सहा महिन्यांनी रंगसंस्करणाच्या वेळी सॉफ्टवेअर भलतीच सी०००१ उचलतं. आणि कॅमेऱ्याच्या मूळ फाइलचं नाव बदलायचं नाही, ते कितीही कुरूप असलं तरी. पुढे सगळी जुळवाजुळव फाइलचं नाव, रीलचं (म्हणजे कार्डाचं) नाव आणि टाइमकोड यांवर चालते. सोयीचं नाव द्यायचं असेल तर ते सॉफ्टवेअरमधल्या क्लिपला द्या.

तिसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत जाते. दोन तपासलेल्या कॉपी झाल्याखेरीज आणि कुणीतरी प्रत्येक क्लिप सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कार्ड पुसायला परत जात नाही. सेटवरून घाई होते. कार्डं कमी पडत असतील तर जास्तीची मागवायला सांगा, हा नियम वाकवू नका.

त्यानंतर कामासाठी हलक्या फायली, म्हणजे प्रॉक्सी. १०८० च्या आकारात, सेकंदाला २४ फ्रेमवर प्रोरेस ४२२ एचक्यू हा जड प्रकार तासाला सुमारे ७९ जीबी खातो, डीएनएक्सएचडी ३६ हा हलका प्रकार सुमारे १६ जीबी. शंभर तासांना हा फरक जवळजवळ आठ टीबी आणि १.६ टीबी असा पडतो. कॅमेऱ्याचं चित्र लॉगमध्ये (फिकट, राखाडी दिसणाऱ्या स्वरूपात) असेल तर छायालेखकाने दिलेला लट (रंग बदलणारी फाइल) प्रॉक्सीवर लावा, नाहीतर दिग्दर्शक चार महिने राखाडी चित्रपट पाहील आणि त्या राखाडी रंगाचीच त्याला सवय होईल. दिवसभराचं सगळं फुटेज ट्रान्सकोडला (हलक्या फायलींत बदलायला) लावण्याआधी एक क्लिप करून पाहा. टाइमकोड आणि रीलचं नाव पुढे आलं का? चौकटीचं प्रमाण बरोबर आहे का? आवाजाचे सगळे चॅनल आले का?

सिंक

क्लॅपच्या पाटीच्या दोन पट्ट्या पूर्ण मिटलेल्या दिसतात ती पहिली फ्रेम शोधा, आवाजातल्या टोकदार ठोक्याची सुरुवात शोधा, दोन्ही जुळवा. मग टेकच्या शेवटी जाऊन पुन्हा ओठ पाहा. सुरुवात बरोबर आणि शेवट चुकलेला असेल तर फ्रेमरेटचा घोळ आहे. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर फक्त क्लॅप चुकीचा धरला गेला आहे.

टाइमकोडने आपोआप सिंक करता येतो आणि करावाही, पण क्लॅप तपासणं सोडू नका. कॅमेरा आणि रेकॉर्डर सकाळी जुळवलेले असले तरी दुपारपर्यंत एकमेकांपासून सरकतात. पाटी उलटी धरली असेल तर क्लॅप टेकच्या शेवटी दिला आहे. पट्ट्यांच्या मध्ये बोटं असतील तर त्या टेकला आवाज नाही, शोधत बसू नका.

ध्वनीच्या फाइलमध्ये बहुधा पहिल्या ट्रॅकवर मिश्रण असतं आणि पुढच्यांवर प्रत्येक माइक सुटा. संकलकाला मिश्रण पुरतं, पण सुटे ट्रॅक आणि ध्वनीफाइलचं मूळ नाव क्लिपला बांधलेलं राहू द्या. पुढे ध्वनीवाल्यांना नेमका तोच शर्टावरचा माइक हवा असतो.

टेक सापडला नाही, आवाज नाही, फोकस गेलेला आहे, असं काही दिसलं तर त्याच संध्याकाळी कळवा. उद्या तो सेट पाडलेला असू शकतो आणि मग फेरचित्रणाचा खर्च दसपट होतो. कळवताना सीन, टेक, टाइमकोड लिहा आणि कुणाची चूक हे लिहू नका.

बिन, नावं, आवृत्त्या

एका सीनला एक बिन (सॉफ्टवेअरमधलं क्लिप ठेवायचं फोल्डर). आत मांडणी चित्रणाच्या क्रमाने नको, सीनमधल्या शॉटच्या क्रमाने करा. अमेरिकी पद्धतीत सीन ४२ चे पुढचे सेटअप (कॅमेऱ्याच्या नव्या मांडण्या) ४२ए, ४२बी असे जातात. आय आणि ओ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात म्हणून ती गाळतात. युरोपी पद्धतीत पाटीवर नुसता चढता आकडा असतो, आणि तो कुठल्या सीनचा हे स्क्रिप्ट सुपरवायझरच्या (सेटवर प्रत्येक टेकची नोंद ठेवणाऱ्याच्या) नोंदींवरून कळतं. त्या नोंदी बिनमध्येच टिपणाच्या रकान्यात उतरवा. दिग्दर्शकाने सेटवर पसंत केलेले टेक रंगाने ओळखता आले पाहिजेत.

मग सीनमधला प्रत्येक संवाद घेऊन त्याचे सगळे टेक एका टाइमलाइनवर ओळीने लावा. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे. पण दिग्दर्शक मागे बसून ‘या वाक्याचे बाकीचे टेक दाखव’ म्हणतो तेव्हा दुसरा कुठलाच उपाय इतका झटपट चालत नाही. शिवाय हे करताना प्रत्येक नटाचं प्रत्येक वाक्य तुमच्या कानांवरून जातं, आणि त्याचा उपयोग पुढे तुम्हालाच होतो.

फाइलच्या नावात चित्रपट, रीळ (चित्रपटाचा वीसेक मिनिटांचा भाग), आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असावी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते. ‘फायनल’ हा शब्द नावात नको. त्याच्या मागोमाग ‘फायनल २’ आणि ‘खरं फायनल’ येतातच. रोज सकाळी टाइमलाइनची प्रत काढून तिच्यावर काम सुरू करा आणि कालची हलवू नका. प्रोजेक्टचं फोल्डर रोज रात्री वेगळ्या डिस्कवर टाका. ते लहान असतं आणि दोन मिनिटं लागतात. चालू चित्रपटात सॉफ्टवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करायची नाही, संगणकाने कितीही विनवण्या केल्या तरी.

रशेस पाहताना

रोजचे रशेस (त्या दिवसाचं सगळं चित्रण) एकदा सलग, हात न लावता पाहा. कुठे हसू आलं, कुठे अंगावर काटा आला, कुठे लक्ष उडालं, ते टाइमकोडसह लिहा. ही पहिली प्रतिक्रिया परत मिळत नाही. विसाव्यांदा पाहताना विनोदावर कुणीच हसत नाही, आणि मग चांगला विनोद कापला जातो.

संकलकाची परवानगी असेल तर संध्याकाळी तोच सीन स्वतः लावून पाहा. फुटेज खोलीबाहेर न्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी संकलकाचा कट आणि तुमचा कट शेजारी लावून फरक टिपा: टेक कुठला निवडला, आत कुठे शिरला, बाहेर कुठे पडला. नंतर निवांत वेळी एकच प्रश्न विचारा, आणि तो नेमका असू द्या. ‘कट कसा मारायचा?’ याला उत्तर नसतं. ‘पाचव्या टेकमध्ये तो जास्त रडतो, तरी दुसरा का घेतला?’ याला असतं, आणि बहुधा ते तासभर चालतं.

पहिला सीन तुमच्याकडे आला

आधी अभिनयावरून टेक निवडा, मग सीन सैलसर लावा, मग घट्ट करा. हा क्रम उलटा केला की फक्त हालचाल जुळते म्हणून कमी प्रतीचा टेक शिरतो. हातातला कप डावीकडून उजवीकडे गेला हे फार थोड्यांना दिसतं. डोळ्यांतला खोटेपणा सगळ्यांना दिसतो.

नवख्यांचे काही दोष इतके सारखे असतात की आधीच तपासून घेता येतात. बोलणाऱ्यावर कट, उत्तर देणाऱ्यावर कट, असा टेबल टेनिस. संवाद आपल्याला पाठ असल्याने मधले श्वास कापून टाकणं, त्यामुळे प्रेक्षकाला विचार करायला जागाच उरत नाही. सीन चालत नाही म्हणून खाली संगीत पसरणं. यावर उपाय असा: आवाज बंद करून पाहा, कोण कुणावर भारी आहे ते नुसत्या चित्रांतून कळतं का? मग डोळे मिटून ऐका, लय कुठे अडखळते? मग मागचा आणि पुढचा सीन जोडून पाहा. एकट्याने उत्तम चालणारा सीन दोन शेजाऱ्यांमध्ये बसवला की अनेकदा सुरुवातीची वीस सेकंद नकोशी होतात.

दाखवण्याआधी संवादांच्या मधली पोकळी त्याच जागेच्या शांततेने भरा. आवाज तुटक असेल तर दिग्दर्शकाला कटच वाईट वाटतो. तात्पुरतं संगीत लावाल तर जपून. तीन महिने ते ऐकल्यावर संगीतकाराचं कुठलंच काम दिग्दर्शकाला पटत नाही, आणि मूळ संगीताचे हक्क मिळतीलच असं नाही.

सगळे सीन पटकथेप्रमाणे जोडलेली पहिली मांडणी ठरलेल्या लांबीपेक्षा बरीच मोठी निघते. दोन तासांच्या चित्रपटाची तीन तासांची मांडणी पाहून घाबरू नका आणि दिग्दर्शकालाही आधी कल्पना देऊन ठेवा. काढलेला प्रत्येक सीन वेगळ्या बिनमध्ये पूर्ण ठेवा, त्यातला एखादा परत येतो. खेळानंतरची मतं जशीच्या तशी लिहा, तुमचं स्पष्टीकरण जोडू नका. ‘इथे कंटाळा आला’ असं कुणी ७० व्या मिनिटाला म्हटलं, तर ५५ व्या मिनिटापासून शोधायला लागा. बहुतेकदा आधी काहीतरी कळलेलं नसतं किंवा तेच दोनदा सांगून झालेलं असतं.

लॉक झाल्यावर

चित्र लॉक झालं म्हणजे आता लांबी बदलणार नाही असा शब्द. (तो मोडतो. त्याचं पुढे पाहू.) लांब चित्रपट साधारण वीस-वीस मिनिटांच्या रिळांत विभागतात. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट जाते आणि २००० फुटांचं रीळ सुमारे २२ मिनिटं चालतं, तिथून हे माप आलं. आता फिल्म नसली तरी ध्वनी, व्हीएफएक्स आणि रंग यांना वेगवेगळ्या रिळांवर एकाच वेळी काम करता येतं, म्हणून पद्धत टिकून आहे. रीळ गाण्याच्या किंवा सलग आवाजाच्या मध्ये तोडू नका.

पहिलं रीळ टाइमकोडच्या पहिल्या तासापासून, दुसरं दुसऱ्या तासापासून सुरू होतं. आधी आठ सेकंदांचा लीडर (चित्राआधीचा जुळवणीचा भाग), त्यात सहाव्या सेकंदाला एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा ‘पॉप’ (छोटासा बीप), आणि आठव्या सेकंदाला चित्र. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी असाच शेवटचा पॉप. दोन्ही पॉप चित्राशी जुळले तर मधलं सगळं जागेवर असण्याची खात्री होते. फक्त सुरुवातीचा असेल तर मध्ये सरकलेला आवाज कळत नाही.

ध्वनीसाठी रीळवार एएएफ द्या. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना काही सेकंदांचे हँडल (कटच्या मागचापुढचा जादा भाग), संवाद, इफेक्ट आणि संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर, आणि सोबत टाइमकोड छापलेला संदर्भ व्हिडिओ. पाठवण्याआधी ते एएएफ स्वतः रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

व्हीएफएक्स शॉटना दहाच्या पटीत क्रमांक द्या: सीन ४२ चा ००१०, ००२०, ००३०. मध्ये नवा शॉट आला तर त्याला ००१५ मिळतो. हँडल सहसा दोन्हीकडे आठ फ्रेम. बऱ्याच ठिकाणी शॉटची पहिली फ्रेम १००१ धरतात, कारण पुढे मागे फ्रेम वाढल्या तरी आकडा ऋण होत नाही. वेग बदललेला किंवा चौकट मोठी केलेली असेल तर ते आकड्यांत लिहून द्या. ‘थोडं झूम’ यावरून कुणालाही काही करता येत नाही.

रंगासाठी टाइमलाइन साफ करा. सगळं चित्र शक्यतो एका ट्रॅकवर उतरवा आणि बंद ठेवलेल्या क्लिप काढून टाका. जुन्या सीएमएक्स ३६०० पद्धतीच्या ईडीएलमध्ये चित्राचा एकच ट्रॅक बसतो. वर ठेवलेला शॉट त्यात जातच नाही आणि रंगवाल्याला ते कळतही नाही. मूळ फुटेजवर पुन्हा बांधलेला चित्रपट आला की तो संदर्भ व्हिडिओवर ‘डिफरन्स’ पद्धतीने ठेवा. जुळलेली फ्रेम जवळजवळ काळी दिसते, न जुळलेल्या फ्रेममध्ये भुतासारख्या कडा उमटतात. पूर्ण चित्रपट असा पाहायचा, निवडक जागा नव्हे.

आणि लॉक मोडला तर? आठव्या मिनिटाला बारा फ्रेम कापल्या की त्या रिळातला पुढचा सगळा आवाज, संगीत, उपशीर्षकं अर्धा सेकंद चुकतात. नवा क्रमांक द्या, बदलांची यादी काढा आणि त्याच तासात सगळ्यांना पाठवा. जुन्या आवृत्तीवर कुणी रात्रभर काम केलं तर त्याचं खापर तुमच्यावर फुटतं, आणि ते बरोबरही असतं.

काम मिळवणं आणि वर सरकणं

नामांकित संकलकांना पत्रं लिहून फार काही होत नाही. दुसरा सहाय्यक बहुधा पहिला सहाय्यकच शोधतो, म्हणून ज्यांची नावं श्रेयनामावलीत संकलकाच्या खाली येतात त्यांना लिहा. एका पानाची माहिती पुरे: कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या कॅमेऱ्यांचं फुटेज हाताळलं, ध्वनी-रंग-व्हीएफएक्ससाठी काय काय काढून दिलं आहे. सहाय्यकाच्या जागेसाठी शोरील (आपल्या कामाचे तुकडे जोडलेला व्हिडिओ) लागत नाही. संकलक म्हणून काम मागताना मात्र दोन-तीन मिनिटांचे दोन पूर्ण सीन दाखवा. चटचटीत संगीतावर कापलेल्या तुकड्यांवरून तुम्हाला संवाद कापता येतो की नाही हे कुणालाच कळत नाही.

करार लेखी हवा, लघुपटाचाही. त्यात किती आठवडे, दिवसाचे किती तास, किती वेळा बदल धरलेले आहेत आणि त्यापुढे काय, संगणक तुमचा असेल तर त्याचं भाडं वेगळं आहे का, पैसे कुठल्या टप्प्याला किती, आणि श्रेय कुठल्या शब्दांत, हे असू द्या. शेवटचा हप्ता मास्टर (चित्रपटाची अंतिम प्रत) देण्याआधीच्या टप्प्याला बांधा. फुकट काम करायचंच असेल तर मुदत ठरवून करा, ‘पूर्ण होईपर्यंत’ असं नको.

चांगला पहिला सहाय्यक सगळ्यांनाच हवा असतो, आणि नेमकं हेच अडचणीचं होतं. दहा वर्षं तो तिथेच राहू शकतो. सुट्टीत लघुपट कापत राहा, संकलकाकडे एखादा पूर्ण सीन मागा, त्याला पसंत पडला तर अतिरिक्त संकलक म्हणून श्रेय मिळेल का तेही विचारा. मग कधीतरी सहाय्यकाचं, जास्त पैशांचं काम नाकारून छोट्या चित्रपटाचं संकलन घ्यावं लागतं. तोवर गाठीशी चार-सहा महिन्यांचा खर्च असेल तर हा नकार देणं जमतं.

चित्रपट संपला की डिस्क परत करताना यादी करून सही घ्या. प्रोजेक्ट, ईडीएल, एएएफ, शेवटचे संदर्भ व्हिडिओ आणि सगळे हिशेब एका फोल्डरमध्ये असू द्या. दोन वर्षांनी कुणीतरी छोटी आवृत्ती मागतं. श्रेयनामावलीतलं स्वतःचं नाव अक्षर न अक्षर तपासा. शीर्षकं बनवणारा यादी मिळते तशीच उतरवतो, आणि ती यादी त्याला पाठवणारे बहुधा तुम्हीच असता.